कुठल्या स्टॉलवर थांबायचं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

थंडी पडली की प्रदर्शनं, महोत्सव, सरस, हुरडा पार्ट्या, जत्रा सगळं एकदम सुरू होतं आणि तुमचे मेसेजही त्याच विषयावर यायला लागतात. या वेळी त्यातले सहा घेतलेत. काही उत्तरं लांबली, काही पटकन संपली, प्रश्नच तसे होते.

ताई, आम्ही दरवर्षी भीमथडीला जातो, म्हणजे मी, मिस्टर, दोन मुलं आणि सासूबाई, आणि दरवर्षी तेच होतं. आत शिरल्या शिरल्या मुलं पहिल्याच स्टॉलवर फ्राईज नाहीतर वडापाव घेतात, मग पुढे गेल्यावर मांडे दिसतात, मटण-भाकरी दिसते आणि तोवर कोणाच्याच पोटात जागा नसते. पैसे मात्र भरपूर गेलेले असतात. कसं करायचं सांगा ना.
— पुण्याची एक वाचक

अहो, हे घरोघरी असंच आहे, तुमच्या मुलांना एकट्यांना बोलू नका. उपाय एकच, आत गेल्यावर आधी खायचं नाही, फिरायचं. एक पूर्ण चक्कर मारायची, पाकीट बंद, तोंडही बंद. वडापाव तुमच्या सोसायटीच्या गेटबाहेर मिळतो, तो खायला गाडी लावायला जागा शोधत अर्धा तास कशाला घालवायचा? पुण्यातली भीमथडी घ्या किंवा मुंबईत बीकेसीच्या मैदानावर भरणारं महालक्ष्मी सरस घ्या, दोन्हीकडे बचत गटाच्या बायका आपापल्या जिल्ह्यातून पीठ-मसाले घेऊन आलेल्या असतात, आणि एरवी हे खायला तुम्हाला एसटी पकडून त्यांच्या गावी जावं लागलं असतं. तर जे एरवी मिळत नाही तेच खायचं, हा माझा तरी हिशोब आहे.

चक्कर मारताना बोर्ड वाचू नका, कढई आणि तवा बघा. बोर्डवर खान्देशी लिहिलंय आणि आत छोले भटुरे, पावभाजी, मंच्युरियन सगळं मांडलंय, तर सरळ पुढे चला. चार-पाचच पदार्थ करणारी बाई दिसली की थांबा आणि विचारा, "ताई, तुम्ही कुठल्या?" ती चोपडा, यावल, रावेर असं काहीतरी सांगते, मग दुसरा प्रश्न, "तुमच्याकडे हे कधी करतात?" खरी करणारी असेल तर ती हात न थांबवता बोलायला लागते, लग्नात करतो, पोळ्याला करतो, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरसासोबत करतो. आणि नुसतं "स्पेशल आहे मॅडम, घ्या ना" एवढंच ऐकू आलं तर काय ते तुम्हीच समजा.

मांडे करताना मात्र जरा उभं राहून बघाच, मुलांनाही दाखवा. चुलीवर मातीचं खापर उपडं घातलेलं असतं. पुरण भरलेला गोळा आधी थोडासा थापून-लाटून घेतात आणि मग ताई तो दोन्ही पंजांवर उचलते, पंजांवरून मनगटावर, मनगटावरून पार कोपरापर्यंत झुलवत झुलवत मोठा करत नेते, इतका की पलीकडचं दिसायला लागतं, आणि एका झटक्यात खापरावर टाकते. पुरण कुठे फुटत नाही. तिथेच उभ्याने गरम खा, तूप घालून, दूध असेल तर दुधासोबत. घरी नेलात तर चव तीच राहते पण कडांचा कुरकुरीतपणा जातो. रांग मोठी असते, त्यामुळे मिस्टरांना रांगेत उभं करा आणि तोवर तुम्ही बाकीचं उरका.

बाकीचं म्हणजे काय, तर या दिवसांत खान्देशी भरीत सोडू नका. जळगावच्या भरताच्या वांग्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं आहे, ते मोठं, फिकट हिरवं, बिया कमी असलेलं वांगं असतं आणि त्याची चव थंडीतच. भाजून, लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचलेलं, कांद्याची पात घातलेलं, आणि सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची. विदर्भाच्या स्टॉलवर सांभारवडी बघा, कोथिंबिरीने गच्च भरलेली, एक वडी दोघांना पुरते. सावजी रस्सा मात्र आधी चमचाभर चाखायला मागा, कोल्हापूरचा तांबडा पचवलेल्या माणसांच्याही डोळ्यात पाणी आलेलं मी बघितलंय. कोकणच्या स्टॉलवर सोलकढी घेताना रंग बघा. नारळाचं दूध आणि कोकमाचं आगळ असेल तर मऊ गुलाबी दिसते, फार भडक असेल तर मी तरी घेत नाही.

पाच माणसांत एका वेळी एकच प्लेट घ्यायची आणि सगळ्यांनी दोन-दोन घास खायचे, संपली की पुढची. मुलांना सांगा, प्रत्येकाने कधीच न खाल्लेला एक पदार्थ निवडायचा आणि तो बाकीच्यांनी खायलाच हवा, मग बघा कशी शोधत फिरतात. सासूबाईंसाठी शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळून मधल्या वारी दुपारी जा, बसायला खुर्ची मिळते आणि स्टॉलवरच्या बायकांना बोलायला वेळही असतो. तुमच्यापेक्षा सासूबाईच जास्त गप्पा मारून येतील.

आमच्या इथल्या मॉलच्या फूड कोर्टमध्ये कार्ड घेऊन त्यात पैसे भरायला लागतात मगच ऑर्डर. पाचशे भरले, तीनशे साठचं खाल्लं, एकशे चाळीस उरले आणि रिफंड काऊंटर बंद. वर एका बिलात सर्व्हिस चार्जही होता, आम्हीच ट्रे उचलून आणला आणि आम्हीच ठेवला तरी. हे चालतं का?
— ठाण्याहून एक वाचक

सर्व्हिस चार्जचं आधी सांगते कारण त्याचं उत्तर सरळ आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला सूचना काढल्या, हॉटेलने सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालायचा नाही, दुसऱ्या नावानेही घ्यायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. म्हणजे काऊंटरवर शांतपणे म्हणायचं, "हा काढून बिल द्या." बहुतेक वेळा मशीनवरचा मुलगा लगेच काढतो, कारण त्यालाही माहीत असतं. नाहीच काढला तर बिलाचा फोटो घ्या आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा.

जीएसटी वेगळा बरं का, तो द्यावाच लागतो, साध्या फूड कोर्टच्या खाण्यावर ५ टक्के. फक्त बिलावर जीएसटी नंबर छापलाय ना ते बघा, महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ ने होते. आणि बिलावर कंपोझिशन योजनेतला (ही छोट्या व्यावसायिकांसाठीची जीएसटी योजना) दुकानदार असं लिहिलं असेल तर त्याला तुमच्याकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही.

कार्डाचा मामला चिकट आहे. तुमचे पैसे तुमचेच आहेत, पण हे कार्ड त्याच आवारात चालणारं असल्यामुळे परत कधी, कसे, किती दिवसांत हे त्यांच्या अटींवर जातं आणि त्या अटी कार्डाच्या मागे मुंगीच्या अक्षरात असतात. तुम्ही काय करा, कार्ड आणि पैसे भरल्याची पावती जपून ठेवा, पुढच्या वेळी गेलात की खायच्या आधी रिफंड मागा, नाही म्हणाले तर लेखी द्या म्हणावं. लेखी द्या म्हटल्यावर बऱ्याचदा मॅनेजर उगवतो. आणि यापुढे आधी सगळ्यांनी काय खायचं ते ठरवा, बेरीज करा, तेवढेच भरा. बऱ्याच फूड कोर्टमध्ये आता स्टॉलवर थेट यूपीआय घेतात, फक्त ते कोणी आपणहून सांगत नाही. विचारायचं. तीनशे साठमध्ये तिघांचं झालं असेल तर मात्र तुमचं अभिनंदन, ठाण्यात हे जमणं सोपं नाही.

माझी नात अमेरिकेहून येतेय, सात वर्षांची आहे. तिला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, चांगलीच. सून म्हणते बाहेर कुठेच न्यायचं नाही, पण मला तिला आपल्याकडची जत्रा, खाऊगल्ली दाखवायची होती. काहीतरी मार्ग असेल ना?
— डोंबिवलीची एक आजी

आजी, दाखवायला न्या पण खायला घालताना सुनेचंच ऐका, आणि का ते सांगते.

आपल्या मराठी खाण्यात दाण्याचा कूट कुठे नसतो ते शोधायला लागतं. साबुदाण्याची खिचडी आणि वडा तर झालाच, पण भरली वांगी, काकडीची कोशिंबीर, मेथीची भाजी, ठेचा, मिसळीचा कट, वडापावची लाल चटणी, चिवडा, भेळ, उपासाचं थालीपीठ, चिक्की, सगळीकडे दाणे. वर जे भरताचं मी इतकं कौतुक केलं त्यातही दाणे घालतात. शिवाय तळणाचं तेल शेंगदाण्याचं असू शकतं, आणि एकाच कढईत आधी दाण्याची भजी तळलेली असू शकते.

आणि खरी अडचण वेगळीच आहे. स्टॉलवरच्या ताईला तुम्ही म्हणालात, दाणे नकोत हं, तर ती प्रेमाने सांगते, "नाही हो, थोडासाच आहे कूट, चवीपुरता." तिच्या डोक्यात ते आवडनिवड आहे, पथ्य आहे, फार तर पित्त आहे. चिमूटभर कुटाने पोरीचा श्वास अडकू शकतो हे तिला माहीतच नसतं, तिचा दोष नाही त्यात. मग ती वरवरचे दाणे बाजूला काढून देते आणि म्हणते, घ्या, काढले. हे चालणार नाही. "नको" म्हणू नका, "दाणा पोटात गेला तर हिला दवाखान्यात न्यावं लागतं" असं म्हणा, मग माणसं हात थांबवतात आणि खरं सांगतात.

मालवणी-गोवन स्टॉलवर दाण्यापेक्षा नारळ जास्त, म्हणून ते बरे वाटतात, पण तेल आणि चटणी तिथेही विचारायचीच. नातीला द्यायला त्यातल्या त्यात सुरक्षित म्हणजे अखंड फळ समोर कापलेलं, शहाळं, आणि बंद पाकिटातली वस्तू जिच्यावर घटक आणि ॲलर्जीची सूचना छापलीय. बचत गटाच्या हाताने भरलेल्या पाकिटांवर ही माहिती अर्धवट असू शकते, म्हणून ती मोठ्यांनी खावी. उसाचा रस बर्फाशिवाय, ग्लास नवा. बाकी पोट घरून भरून न्या, डबा सोबत ठेवा, आणि पाळणा, बांगड्या, मौत का कुआं, फुगे फोडायची बंदूक, जत्रेत पोरांना खाण्यापेक्षा त्यातच जास्त रस असतो.

डॉक्टरांनी दिलेलं ॲड्रेनलिनचं पेन, म्हणजे ॲलर्जीचा झटका आला तर लगेच टोचायचं इंजेक्शन, तिकडूनच आणायला सांगा, इथल्या मेडिकलमध्ये ते सहज मिळत नाही. ते पर्समध्ये हवं, गाडीत नाही, आणि टोचायचं कसं हे तुम्ही सुनेकडून शिकून घ्या. टोचलं तरी दवाखान्यात जायचंच, ॲम्ब्युलन्सचा नंबर १०८.

मुलगा प्रदर्शनात धूर निघणारी बिस्किटं मागतो. नवरा म्हणतो बाहेरचं काहीच खायचं नाही. कोण बरोबर?
— नाशिकची एक आई

धुराच्या बिस्किटांपुरता नवरा शंभर टक्के बरोबर. तो धूर निघतो लिक्विड नायट्रोजनमधून, हा अतिथंड द्रव उणे १९६ अंशाला उकळतो. तो पूर्ण उडून जायच्या आत पोटात गेला तर आतली कातडी भाजते. २०२४ मध्ये दावणगेरेच्या एका प्रदर्शनात अशीच बिस्किटं खाऊन एक लहान मुलगा वेदनेने ओरडतोय असा व्हिडिओ सगळीकडे फिरला होता आणि त्यानंतर तमिळनाडू आणि कर्नाटक दोघांनी यावर कारवाई केली. म्हातारीचे केसही फार भडक गुलाबी असतील तर नकोत. त्याच वर्षी फेब्रुवारीत पुद्दुचेरी आणि तमिळनाडूने त्यावर बंदी घातली, कारण तपासणीत रोडामाइन-बी सापडला, जो कापड रंगवायचा रंग आहे. पांढरे मिळतात, चव तीच असते.

बाकी "काहीच नाही" हे मला पटत नाही. समोर कढईतून, तव्यावरून निघून थेट तुमच्या प्लेटमध्ये आलेलं खा. घोळ होतो तो करून ठेवलेल्यात. ६० अंशाच्या खाली आणि ५ अंशाच्या वर जंतू भराभर वाढतात, म्हणजे सकाळी शिजवून दुपारभर तसाच ठेवलेला भात, उघड्यावरची ओल्या नारळाची चटणी, कापून ठेवलेलं कलिंगड, पाणीपुरीचं पाणी. भाताचं तर असं की त्यातल्या काही जंतूंची बीजं शिजवूनही मरत नाहीत, म्हणून फ्राइड राईसवाल्याकडे भाताचं भांडं कुठे ठेवलंय ते बघाच.

बर्फ निळसर दिसला तर तो खायचा नाही. २०१८ पासून नियम आहे, न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा म्हणून, मासे-दूध थंड ठेवायला असतो तो. पण गोळ्यावर रंगीत सरबत ओतल्यावर कळणार कसं, म्हणून लादी फोडतानाच नजर टाका. तेल काळं, फेसाळ आणि धूर सोडणारं असेल तर पुढे. वर्तमानपत्रावर दिलेली भजी तर नकोच, शाई उतरते. हे सगळं बघायला एक मिनिट लागतं, आणि नवऱ्याला म्हणावं बघायचं काम तुझं.

लातूरहून नोकरीला मुंबईत आलोय, रूमवर चौघं राहतो. ऑफिसवाले दर वीकेंडला मॉलच्या फूड कोर्टला नेतात, तेच बर्गर तेच नूडल्स, कंटाळा आला. मुंबईत खाण्याची खरी जत्रा कुठे असते?
— अंधेरीहून एक वाचक

अरे, तू जत्रांच्या शहरात येऊन मॉलमध्ये बसलायस! सप्टेंबरमध्ये बांद्र्याची मोत माउलीची जत्रा, ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होते आणि आठवडाभर चालते, तिथे गोव्याकडचं कडिओ-बोडिओ (जत्रेतली गोड मिठाई), चिक्की आणि पेरूचं पेराद घे. डिसेंबरात माहीमला मखदूम शाह बाबांचा उरूस, ज्यात मुंबई पोलिसांना मान असतो. तिथला हलवा-पराठा बघशील तर हसशील, पातळ पराठा इतका मोठा की कढईच नहाणीघरात मावणार नाही, तळून झाला की तोडून किलोवर विकतात, सोबत रव्याचा केशरी हलवा. चौघांत पाव किलो घ्या आधी, तेल फार असतं. रमजानमध्ये मोहम्मद अली रोडला मिनारा मशिदीजवळ रात्री उशिरा जा, मातीच्या वाटीतली फिरनी, नल्ली निहारी. तुमच्यात कोणी शाकाहारी असेल तर तिथल्या मालपुव्यात अंडं असतं हे आधीच सांगा, नंतर भांडणं नकोत. वर्सोव्याचा कोळी सीफूड फेस्टिव्हल तर तुझ्या दारातच, साधारण वर्षाच्या सुरुवातीला असतो. कोळणी समोर मसाला लावून तळून देतात, भाव आधी विचारायचा, घासाघीस करायची नाही, ऐकून घ्यावं लागतं.

आणि ऑफिसात कोणी मालवणी असेल, असणारच, तर आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला त्याच्याबरोबर जा. तिची तारीख कॅलेंडरवर ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरवतात, मग मुंबईतले मालवणी सुट्ट्या टाकतात आणि रेल्वेची तिकिटं संपतात. तिथून खाजं आण. बेसनाच्या तळलेल्या कांड्या, त्यावर आलं घातलेला गुळाचा पाक. काळपट गुळाचं, तोडल्यावर कट्कन आवाज करणारं घे, पांढरं साखरेचं दिसतं छान पण त्यात मजा नाही.

आमच्या गटाने तालुक्याच्या महोत्सवात पहिल्यांदाच खाण्याचा स्टॉल घेतलाय, तीन दिवस. काय काय लागतं आणि किती माल करायचा काही कळत नाहीये, सगळ्या घाबरल्यात.
— सातारा जिल्ह्यातली एक वाचक

घाबरायचं काय, रोज घरात दहा माणसांचं करताच ना. कागद आधी: तात्पुरत्या स्टॉललाही एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते, त्यांच्या फॉसकॉस या साइटवर होते, फी किरकोळ आहे, चौदा आकडी नंबर मिळतो तो मोठ्या अक्षरात स्टॉलवर लावा. घरचा लाल सिलिंडर नेऊ नका, कमर्शियल घ्या. आग विझवायचं नळकांडं आयोजक देतात की तुम्ही आणायचं ते आजच विचारा, आणि विजेचा लोडही, कारण मिक्सर लावला की अख्ख्या रांगेची लाइट जाते आणि शेजारचे तुमच्यावर ओरडतात.

पदार्थ तीनच ठेवा. तुमच्याकडचं आख्खा मसूर-भाकरी, एक गोड, एक हातात धरून खाता येईल असं. चायनीज भेळ नको, कोणी कितीही म्हणू दे. पहिल्या दिवशी कमी करा, संपलं तर संपलं म्हणून सांगा, दुसऱ्या दिवशी तीच माणसं लवकर येतात. भाकरीचं पीठ तिथेच मळायचं, रस्सा उकळता ठेवायचा, चटणी दर दोन तासांनी नवी काढायची. पैसे घेणारी आणि भाकरी थापणारी वेगळी असू दे, नोटांचा हात पिठात नको. गर्दी झाली की मोबाइलला रेंज जाते आणि यूपीआय अडकतं, तेव्हा दहा-वीसच्या नोटा बँकेतून आदल्या दिवशीच आणून ठेवा. भाव ठरवताना स्टॉलचं भाडं आणि येण्या-जाण्याचा टेम्पो धरायला विसरू नका, आणि तुमची मजुरीही, ती बायका कधीच धरत नाहीत.